साळूबाईचा राब आणि आनंदरावांचा पाठ

आनंदराव गेली सहा वर्षं पुण्याच्या एका कॉलेजात भातशेती शिकवत होते आणि भाताच्या खाचरात त्यांनी अजून पाऊल टाकलेलं नव्हतं. यात त्यांची लबाडी नव्हती, म्हणजे निदान सुरुवातीला तरी नव्हती. ते भोर तालुक्यातल्या भोंगवलीचे. घरी ज्वारी आणि बाजरी. नोकरीला लागले तेव्हा विभागप्रमुखांनी, म्हणजे कॉलेजात ज्यांना सगळे मोठे सर म्हणत त्यांनी, विचारलं, "शेतकऱ्याचे ना तुम्ही?" हे म्हणाले, "हो." "मग भात तुमच्याकडे." शेतकरी म्हटला की त्याच्या दारात सगळीच पिकं पिकतात, असं शहरातल्या शिकलेल्या माणसाला का वाटतं देव जाणे. आनंदरावांनी त्या दिवशी तोंड उघडलं नाही, आणि असली गोष्ट एकदा गिळली की पुढं ती सांगायचीही चोरी होते.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात मात्र घोडं अडलं. पुण्यात विद्यापीठ नवं होतं, त्या वाऱ्यानं सगळ्यांनाच काहीतरी नवं करायची हौस आली होती. आनंदरावांच्या कॉलेजनं ठरवलं की शिकवणाऱ्यांनीही शिकलं पाहिजे. सुट्टीत तीन आठवडे आपापल्या विषयाच्या गावी राहायचं आणि शेवटी एकेकानं मोठ्या सरांसमोर आणि बाकीच्या उमेदवारांसमोर शेतातच पाठ द्यायचा. त्यातून एकाच जणाला वर्षभर भरपगारी पुढच्या शिक्षणाला पाठवणार आणि परत आल्यावर नोकरीत कायम करणार. आनंदराव सहा वर्षं हंगामीच होते. दर एप्रिलमध्ये 'यंदा घेतात की नाही' म्हणून ते ऑफिसात खेटे घालायचे. ती जागा त्यांना हवी होती, फार हवी होती. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना एकदा तरी वर्गात न घाबरता उभं राहायचं होतं.

त्यांच्या वाट्याला वेल्ह्याच्या पलीकडचं पासली गाव आलं आणि पासलीत साळूबाईचं घर आलं. नवरा रखमाजी दिवसातून चार शब्द बोलायचा. बाकीचे साळूबाई बोलायची. पाहुणा कॉलेजात भात शिकवतो हे कळल्यावर ती अर्धा दिवस दबून वागली. मग त्यानं गोठ्यातल्या कवळाच्या ढिगाकडं बोट दाखवून "हे सरपण का?" असं विचारलं, आणि तिचं दडपण जे उतरलं ते उतरलंच. कवळ म्हणजे हिवाळ्यात झाडांवर चढून तोडलेल्या, वाळवलेल्या डहाळ्या. त्यांचा राब करतात. रोप जिथं टाकायचं त्या जमिनीवर शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत-पाचोळा आणि वर बारीक माती असे थर देऊन ते भाजायचं, म्हणजे तणाचं बी मरतं आणि रोप जोमानं येतं. आनंदराव वर्गात राबावर दोन तास बोलत असत.

साळूबाईनं त्यांना कामाला जुंपलं. शेणाच्या पाट्या वाहायला लावल्या, पाचोळा गोळा करायला लावला. आनंदराव राबले, अगदी मनापासून राबले. हाताला फोड आले, पाठ धरली, पण तीन आठवड्यांत त्यांना जेवण जितकं गोड लागलं तितकं पुण्यात कधी लागलं नव्हतं. फक्त वही सुटली नाही. शेणाचा थर किती बोटं, माती किती बोटं, सगळं तिच्यात. पहाटे दव असताना साळूबाई एकेक तुकडा पेटवायची आणि हाक मारायची, "मास्तर, हिकडं बगा!" तेव्हा हे मागच्या तुकड्याची मापं लिहीत असत.

"आवं, त्या वहीत भात लावायचाय व्हय?" ती म्हणायची.

पाठासाठी तिनं शेवटचा तुकडा त्यांना तोडून दिला. सगळे थर त्यांनी एकट्यानं रचले. साळूबाईनं हात फिरवून पाहिलं आणि "बरं हाय" म्हणाली. तिच्या तोंडून ही मोठीच पदवी होती.

मोठे सर आणि त्या जागेचे बाकीचे उमेदवार, म्हणजे आठ प्राध्यापक, वेल्ह्यापर्यंत गाडीनं आणि पुढं पायी येऊन पोचेपर्यंत दहा वाजले. दव केव्हाच उडालं होतं आणि वारा सुटला होता. बांधावर एका बाजूला टोप्या-कोट, दुसऱ्या बाजूला पासलीची माणसं. आनंदराव बोलले, आणि खरोखर छान बोलले. मग ऐटीत पुढं झाले आणि जवळ पडला तो कोपरा धरून त्यांनी काडी लावली. वारा नेमका त्याच कोपऱ्याकडून येत होता.

जाळ भडकला आणि वाऱ्याबरोबर धावत सुटला. गवत फर्रकन पेटलं, वरची माती ढासळली, राख उडून खालच्या शेतात गेली. बोलता बोलता सगळं विझलंही. शेण होतं तसं ओलं राहिलं.

"वा, आनंदराव! शाब्बास!" मोठे सर म्हणाले. "किती झटपट!" आठही प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या.

पासलीच्या बाजूनं एकही टाळी वाजली नाही. आनंदरावांनी साळूबाईकडं पाहिलं. पदराचं टोक तोंडात धरून ती त्या तुकड्याकडं बघत होती. हिवाळाभर तोडलेलं कवळ होतं ते. क्षणभर त्यांना काहीच कळेना, आणि मग दोन गोष्टी एकदमच कळल्या. राब वाया गेला होता. आणि मोठ्या सरांनीही आयुष्यात राब पाहिलेला नव्हता.

आता गप्प बसलं की झालं. जागा हातात होती. साळूबाई काही कोट घातलेल्या माणसांपुढं बोलायची नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षं गप्प बसायची सवय होतीच. पण या बाईच्या हातची भाकरी तीन आठवडे खाल्ली होती.

"सर, टाळ्या नकोत," ते म्हणाले. "हा राब फुकट गेलाय. कसा ते मलाही नीट माहीत नाही. मी बाजरीच्या गावचा आहे सर, भात मला येत नाही. साळूमावशी, तुम्ही सांगा."

साळूबाई आधी लाजली. मग झालेल्या नुकसानीनं तिची लाज पळवली.

"सांगायचं काय त्यात? वारं जिकडं जातंय तिकडल्या कडंला पेटवायचं आसतंय. मंग जाळ वाऱ्याशी झगडत उलटा येतो, हळूहळू. तवा कुठं माती भाजती. ह्यांनी वारं पाठीशी घेतलं, जाळ गेला पळून! म्या रोज हाका मारल्या, पर मास्तरांचं डोकं वहीत."

मोठे सर उकिडवे बसले आणि राखेखालचं ओलं शेण त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. मग निकालाचा कागद काढून त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा हा विद्यार्थी पास की नापास?"

आनंदरावांनी मान खाली घातली.

"नापास," साळूबाई म्हणाली. मग जरा घुटमळली. "पर खोटं न्हाई बोलला. शिकवलं तर शिकंल. वरीसभर तरी लागंल."

"वर्षभर," मोठे सर म्हणाले आणि तसंच लिहिलं. "माझ्याकडं वर्षभर शिकायची एकच जागा आहे. बाकीच्या आठांना सगळं येतं, असं त्यांनी मला लेखी दिलंय. त्यांना कशाला पाठवू?"

आनंदरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. रखमाजीनं त्यांच्या पाठीवर थाप मारली तेव्हा खरं वाटलं. डोळे भरून आले, आणि धूर विरला असल्यामुळं तेही लपवता येईना.

"आणि बाई," मोठे सर उठत म्हणाले, "ज्यानं शाब्बास म्हटलं, त्याचं काय?"

साळूबाईनं त्यांच्या इस्त्रीच्या कोटाकडं एकदा पाहिलं. गोठ्यात थोडं कवळ उरलं होतं, आणि तुकडा पुन्हा रचून उद्या पहाटे भाजायचा होता. तिनं शेणाची रिकामी पाटी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.