दुखवट्यातली मेंदी

घरात मेंदीचा वास येत होता.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. आई इद्दतीत, पांढऱ्या कपड्यांत. चार महिने दहा दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, सुरमा नाही, मेंदी तर नाहीच. आणि न्हाणीघराच्या दाराशी तो वास घुटमळत होता.

"आई, मेंदी कुणी भिजवली?"

"कोण भिजवणार? शेजारी तूदाकडे लग्न आहे. तिकडून येत असेल."

तूदाचं घर वाऱ्याच्या उलट बाजूला होतं. शिवाय बोलताबोलता आईने हात बाह्यांत ओढून घेतले. मी मेकनेस शहरात शाळेत शिकवते, सुट्टीपुरती घरी असते. मुलं हात कधी लपवतात ते मला कळतं. रात्री ताट उचलताना तिच्या नखांच्या कडा दिसल्या. केशरी.

"मिरचीची पूड," ती म्हणाली.

त्या दिवशी चुलीवर दूधभाताखेरीज काही चढलं नव्हतं. विधवेला मेंदी कशाला लागते, हे आमच्या अझरू गावात कुणालाही विचारा, हसून सांगेल: दुसऱ्या लग्नाला. मी कुणाला विचारलं नाही.

माझा दुसरा संशय सी अल्लालवर होता. बाबांचे जुने सोबती, आता धाकट्या भावाचे, बस्सूचे प्रशिक्षक. सैन्याच्या संघाची निवड-शर्यत पंधरवड्यावर आली होती. बस्सू पहाटे देवदारांत पळायचा, संध्याकाळी मैदानावर. गाल आत गेले होते, जेवताना चमचा हातात धरून झोपायचा आणि काही विचारलं की अंगावर यायचा. सी अल्लाल दारात आले तेव्हा मी विचारलंच.

"पोराला मारून टाकणार आहात का?"

"मी? अगं, मी त्याचं पळणं निम्म्यावर आणलंय! तरी खंगतोच आहे." त्यांनी आवाज उतरवला. "तूच सांग, दुपारी जातो कुठे तो? मुलगीबिलगी आहे का?"

"मला काय माहीत?"

"एकोणिसाव्या वर्षी पोरगा भर उन्हात कुठे जातो, एवढं मला समजतं. मी काही म्हातारा जन्मलो नव्हतो."

म्हणजे आता संशय घ्यायला दोघं झालो.

बाबा गेल्यापासून घरच्या नमाजेला बस्सू पुढे उभा राहायचा, आम्ही दोघी मागे. मागच्याला पुढच्याचे तळवे दिसतात. त्या दिवशी सूर्यास्ताच्या नमाजेत बसताना त्याने उजवं पाऊल उभं केलंच नाही. बोटं दुमडून जमिनीला टेकवायची, ती टाळून पाऊल नुसतं आडवं सोडून दिलं. मोज्यावर हिरवट ओला डाग होता.

सलाम फिरवून होताच मी त्याचं पाऊल धरलं.

"सोड, लल्ला!"

लल्ला, म्हणजे बाईसाहेब, तो मला फक्त चिडवताना म्हणतो. या वेळी चिडवत नव्हता. मोजा काढला. फडक्याखाली मेंदीचा जाड लेप, त्याखाली सुजलेलं पाऊल. मधल्या एका हाडावर बोट टेकवलं तर त्याचा चेहरा पांढरा पडला.

"दुपारी कुठे जातोस?"

"कुठे नाही."

"बस्सू!"

त्याने आईकडे पाहिलं. आई नमाजेच्या मुसल्ल्याची घडी घालत होती. घातलेली उलगडून पुन्हा घालत होती.

"मी पाठवते," ती म्हणाली. "त्यांच्या कबरीवर. मला जाता येत नाही. पाणी घालायला, फातिहा वाचायला कुणी नको?"

बाबांना डोंगरापलीकडे, त्यांच्या गावी पुरलं आहे. टॅक्सी तिकडे बाजाराच्या दिवशीच जाते.

"रोज?"

"पळत गेलं की लवकर होतं," बस्सू म्हणाला. "पाय नुसता मुरगळलाय. शर्यत होऊ दे. सी अल्लालना सांगू नकोस."

"लागू दे मला मेंदीचं पाप," आई म्हणाली. "लंगडत यायचा, दिसायचं मला. पण उद्या जाऊ नको, एवढं तोंडातून निघेना."

सकाळी मी त्याला दवाखान्यात नेलं. हाडाला केसाएवढी भेग. याच पायावर शर्यत पळाला असता तर हाड पुरतं मोडलं असतं, डॉक्टर म्हणाले. दोन महिने पळणं बंद. सी अल्लालना मीच सांगितलं. त्यांनी टोपी काढली, आत पाहिली, परत घातली.

"आणि मी मुलगी शोधत होतो," ते म्हणाले आणि यादीतून त्याचं नाव काढायला गेले.

बस्सू माझ्याशी बोलेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दुपारी आईने पाण्याची बाटली भरली आणि सवयीने दाराशी ठेवली. मग तिच्या लक्षात आलं. तिने ती उचलली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बाटली घेतली आणि निघाले.

खरं सांगायचं तर रोजच्या कबरीची गोष्ट मला अजून पूर्ण पटली नव्हती. कब्रस्तान ऑगस्टच्या उन्हाने करपलं होतं, गवताची काडी शिल्लक नव्हती. एकाच कबरीवर बोटभर हिरवळ होती. मी तिथे बराच वेळ बसले.

परतेपर्यंत अंधारलं.

"घातलंस पाणी?" आईने माझे बूट निरखत विचारलं.

"घातलं."

आतून दिवसभरातला बस्सूचा पहिला शब्द आला.

"झऱ्यावरचा कुत्रा अंगावर आला?"

"आला."

"कसला होता?"

"काळा. एक कान तुटका."

आत कूस बदलल्याचा आवाज आला.

"गेली होती, आई," तो म्हणाला.