पांढऱ्या भिंतींचा खंड

आमच्या लॉर्डसाहेबांना आम्ही कधी पाहिलेलं नाही. ते लंडनला राहतात आणि तिथे बसून मेयो परगण्यातल्या आम्हा आयरिश कुळांची फार काळजी करतात. सगळ्यात स्वच्छ घराला बक्षीस, ही कल्पना त्यांचीच. पहिल्याच वर्षी ते गावातल्या गेराटींनी पटकावलं. खिडकीला काच, दारात फुलझाडं! कारभारी पेंड्रिलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या सहामाहीला गेराटींचा खंड दुप्पट केला. फुलं परवडतात त्याला खंडही परवडतो, नाही का! जमीन गेली, गेराटी आता बॉस्टनला असतात. तेव्हापासून गावात सगळ्यांचे उकिरडे दारातच आहेत.

पण देवाला उकिरडा चालत नाही. वर्षातून दोनदा फादर कुणाच्या तरी घरी येऊन मिस्सेची प्रार्थना करतात आणि त्या घराला आतून-बाहेरून चुना द्यावाच लागतो. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर यंदा आमच्या घराची पाळी आली. तीन दिवस मी भिंतींशी झटत होते.

"विनी, हे पांढरं कारभाऱ्याच्या नजरेस पडलं तर?" माझा नवरा मार्टिन म्हणाला.

"कारभारी पुढच्या आठवड्यात येणार. तोवर परत काळं करू की. एक दिवस तरी मला माणसासारखं राहू द्या."

मिस्सा आटोपली, मी चहा ओतत होते, तोच शेजारचा फेस्टस धापा टाकत आला. "पेंड्रिल! पुलापर्यंत आलाय!"

वीस माणसं ताडकन उठली. चुलीतली काजळी, गोठ्यातलं शेण, हाताला लागेल ते भिंतीवर. कुणी मिस्सेपुरती लावलेली काच काढून खिडकीत पेंढा कोंबला. फादर कॉनरॉयनी झगा कमरेला खोचला आणि डुकरिणीला कान धरून आत आणलं. मी मात्र जागची हलले नाही.

"अगं, देवाच्या नजरेत तुझं घर स्वच्छच आहे," फादर म्हणाले.

"मग खंडही देवानेच ठरवावा, फादर," मी म्हणाले आणि शेणात हात घातला. चुलीमागची मोठी भिंत राहिली होती. ती मीच फासली.

मंडळी मागच्या दाराने पसार झाली आणि साहेब नाकाला रुमाल लावून पुढच्या दाराने आत आले. डुकरिणीला चुकवताना त्यांचं कोपर भिंतीला घासलं. आमच्या हवेत काही धड वाळत नाही. शेणाखालचा चुना ओलाच होता. काळ्या कोटावर पांढराशुभ्र पट्टा उठला.

"हे काय?"

मार्टिन माझ्याकडे बघू लागला. जमीन आता गेलीच होती.

"कोंबड्या, साहेब," मी म्हणाले. "वरच्या वाशावर बसतात ना."

साहेब तीन पावलं मागे सरले. "बाई, असल्या घाणीत राहायची लाज नाही वाटत?"

"सवय आहे, साहेब. आम्हा लोकांची जातच तशी."

साहेबांचा चेहरा खुलला. गेली कित्येक वर्षं ते हेच तर लंडनला कळवत होते. त्यांनी खिशातून एक वडी काढली. "याला साबण म्हणतात."

माझा साबण फडताळात होता. "खायचा असतो का, साहेब?" मी विचारलं.

त्यांना माझी इतकी कीव आली की हात कसे धुवायचे ते त्यांनी स्वतः करून दाखवलं. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. "या खुराड्याचा खंड वाढवण्यात काही अर्थ नाही," असं पुटपुटत ते घोड्यावर बसले.

मंडळी परतली. फेस्टस माझी नक्कल करू लागला, "जातच तशी, साहेब!" हसून हसून फादरच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाचवलंस गं आम्हाला," मार्टिन म्हणाला. मीही हसले. जमीन राहिली होती, का नाही हसायचं?

मग भिंतीकडे लक्ष गेलं आणि मला भडभडून आलं. कुणाला दिसू नये म्हणून हात धुवायला वळले. साहेबांची वडीच समोर पडली होती, ती घेतली. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. मनगटाशी आल्यावर माझं मलाच कळलं आणि अंगाची लाही झाली. वडी डुकरिणीपुढे भिरकावली.

तिने ती खाल्ली.