मान आधी कोण वर करणार

आज कंपनीचे प्रमुख शिनोमिया साहेब स्वतः चष्मा घालून नवा खेळ बघणार होते, आणि मिझुए कुवाहातानं कालपासून चौथ्यांदा सगळ्या तारा तपासल्या होत्या. क्योतोतल्या त्यांच्या कंपनीत टीव्हीखाली ठेवायच्या खेळाच्या खोक्याचं नाव काढलं तरी आता लोक हसायचे. खेळ इंटरनेटवरून येतात, फोनवर चालतात, कन्सोल हवाय कुणाला? तरी मिझुएच्या विभागानं हाडाची काडं करून एक नवीन खोकं बनवलं होतं, आणि त्याच्या जोडीला डोळ्यांवर चढवायचा चष्मा. तो चढवला की माणूस थेट खेळाच्या आत. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, पटलं नाही तर विभाग बंद. म्हणजे सगळ्यांची पांगापांग, आणि मिझुएची रवानगी कंपनीच्याच पाचिंकोच्या जुगारी यंत्रांकडे. त्या यंत्रांचा खडखडाट तिच्या लहानपणापासून डोक्यात जायचा.

"कुवाहाता-सान, चेहरा जरा सैल सोडा," तिच्या हाताखालचा गोतोदा म्हणाला. "मयताला आल्यासारख्या दिसताय."

"तू तोंड मिटलंस तर तेवढं जमेल."

गोतोदा कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. खेळातली सगळी माणसं त्यानंच घडवलेली.

साहेब आले. सत्तरी उलटलेली, कंबर जुनाट दुखणारी. तरुणपणी ते कंपनीचे विक्रेते होते. गावोगावच्या खेळण्यांच्या दुकानांत जाऊन, दुकानदारांपुढे वाकून वाकून त्यांनी खोकी खपवली होती. त्यांनी मुकाट्यानं चष्मा चढवला. त्यांना जे दिसत होतं ते बाकीच्यांना भिंतीवरच्या पडद्यावर दिसू लागलं. डोंगर, बर्फ, गरम झऱ्याकाठची जुनी सराई. दार सरकलं आणि सराईची मालकीण बाहेर आली.

"यावं, यावं. बर्फातून आलात, दमला असाल," म्हणत ती कमरेतून वाकली.

आजवर हा खेळ तपासला तो विशीतल्या पोरांनी. खेळातल्या बाहुलीपुढे कोण वाकतंय? ती पोरं सरळ तिच्या अंगावरून आत घुसायची. साहेब मात्र वाकले, आणि चांगले खोल वाकले.

इथंच घोळ झाला. पाहुणा मोठा, त्यानं मान वर केल्याशिवाय आपण करायची नाही, असं वळण गोतोदानं मालकिणीला लावलं होतं. साहेबांचा जन्म दुकानदारांपुढे वाकण्यात गेलेला, समोरच्याच्या आधी मान वर करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, बाईची मान खालीच. बाई त्यांच्याकडे बघत होती, यांची मान खालीच. झालं! दोघंही वाकलेले, आणि हलायचं नाव कुणी घेईना.

साहेब, समोर बाहुली आहे, असं त्यांना सांगायची छाती कुणाची होणार?

"हे काय करून ठेवलंस?" मिझुए कुजबुजली.

"मी फक्त शिस्त लावली तिला."

"मग आता वर कर तिला."

"मधेच नाही होत. खोकं बंद करावं लागेल."

"खोकं बंद पडलं तर विभाग बंद पडला, मूर्खा."

साहेबांचा हात हळूच कमरेकडे गेला. मिझुएला ते बघवेना. जाऊ दे विभाग खड्ड्यात, म्हाताऱ्याची कंबर मोडायची, असं मनाशी म्हणत तिनं बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात साहेबच बोलले, वाकल्या वाकल्या, अगदी अजिजीनं. "बाईसाहेब, आपण मान वर करावी. मी काही एवढा मोठा माणूस नाही हो."

आणि मालकिणीनं मान वर केली. कुणी बोललं की त्याच्या तोंडाकडे बघायचं, एवढं एक साधं काम खेळातल्या प्रत्येक बाहुलीला शिकवलेलं होतं, त्याच्या जोरावर. ती साहेबांकडे बघून हसली. साहेबही कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले आणि त्यांनी चष्मा उतरवला.

"ही बाई कुणाची?"

गोतोदानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"माझ्या बायकोपेक्षा हट्टी आहे," साहेब म्हणाले. हसावं की नाही ते कुणाला कळेना. "जन्मभर बटणं दाबून बाहुल्या नाचवल्या मी. कुणाची भीड पडली नाही. हिची पडली. हिच्याआधी मान वर करायची लाज वाटली मला. फोनवरच्या बाहुलीपुढे वाकेल का कुणी?"

साहेबांनी चष्मा खोक्यावर अलगद ठेवला.

"पुढच्या वर्षी दुकानात ठेवा हे खोकं. आणि आधी मला खुर्ची द्या."

मिझुए धावली. खुर्ची साहेबांखाली सरकवली आणि स्वतः तिथंच फरशीवर मटकन बसली.

"बरं वाटत नाही का?" गोतोदानं घाबरून विचारलं.

"फार बरं वाटतंय," ती म्हणाली. "म्हणून तर बसलेय."