सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असलेली बातमी

नत्थूजी होळीनंतर बुऱ्हाणपूरला यंत्रमागावर कामाला गेला. पोळ्याला येतो म्हणाला होता. पोळा गेला, दिवाळीही गेली. नागपुरात इतवारीमागच्या कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात त्याची बायको सुभद्रा आणि आई रुखमाबाई दोघीच राहिल्या. घरचा माग बंद होता. सुभद्रा शेजाऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची, त्यावर चूल पेटायची.

नळावर, देवळात भजनाला, बायका जिथे जमतील तिथे ती नवऱ्याची चौकशी करी. सुरुवातीला बायका भरभरून बोलायच्या. काम जास्त असेल, सुट्टी मिळत नसेल, असं म्हणायच्या. दसऱ्याच्या सुमारास मात्र काहीतरी बदललं. ती घागर घेऊन आली की चाललेलं बोलणं थांबे आणि कोणीतरी वांग्यांचा भाव काढी. रांगेवरून रोज भांडणारी प्रेमिला एक दिवस बाजूला सरली आणि म्हणाली, तू भर पहिले. नवरा वारला, असंच त्या दिवशी सुभद्राला वाटलं. पण सासू तर तिला रोज कुंकू लावायला सांगत होती.

पुरुष संध्याकाळी ईश्वरदासच्या ओट्यावर जमत. ईश्वरदास मोठ्याने पेपर वाची, बाकीचे ऐकत. नागपूरची राजधानी गेली ते वर्ष होतं. कोणाचं ऑफिस भोपाळला गेलं, कोणाचं मुंबईला, यावरच वाद चालत. गांधीबागेतल्या सुताच्या दुकानातले भैयाजीही तिथेच बसत. मालासाठी त्यांचं बुऱ्हाणपूरला जाणंयेणं होतं. त्या ओट्याजवळ बायका थांबत नसत.

एका संध्याकाळी सुभद्रा डोक्यावरचा पदर सावरून ओट्यापुढे उभी राहिली. ईश्वरदासचं वाचन थांबलं.

"भैयाजी," ती म्हणाली, "घरचे जिवंत आहेत का? एवढंच सांगा."

भैयाजींनी मान खाली घातली. शेवटी ईश्वरदासने पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"जिवंत आहे, बाई. तिथं त्यानं दुसरी बाई केली, घर केलं. आता लेकरू होणार आहे तिले."

सुभद्राने मान हलवली, जणू कुणी तिला रस्ता सांगितला होता. मग तिने विचारलं, "मले काहून नाही सांगितलं कोणी?"

"तुझ्या सासूनं हात जोडले सगळ्यायले," ईश्वरदास म्हणाला.

घरी रुखमाबाई तांदूळ निवडत होती. सुनेचा चेहरा पाहताच तिने सूप खाली ठेवलं.

"कधीपासून माहीत होतं तुमाले?"

"दसऱ्याच्या आधीपासून." म्हातारीने सुपातला एक खडा उचलून टाकला. "तुले समजलं असतं तं तू उमरेडले गेली असती, भावाकडे. मंग मी कोणाच्या तोंडाकडे पाहू, सांग."

उमरेडला भावाचं एका खोलीचं घर होतं आणि त्यात त्याची पाच पोरं. तिथे कोणी सुभद्राची वाट पाहत नव्हतं, हे सासूला माहीत नव्हतं. तिला मात्र माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहल्ल्यातल्या बायका आल्या. मयताला बसतात तशा भिंतीला टेकून बसल्या. आता सगळ्यांची तोंडं मोकळी झाली होती. ती बाई कुठली, घर कुठे केलं, दिवाळीला तिला कसलं लुगडं घेतलं, एकेक निघत गेलं. या सगळ्या जणींना सुभद्राच्या संसाराची तिच्यापेक्षा जास्त माहिती होती. सुभद्रा ऐकत कांड्या भरत राहिली. प्रेमिला रडू लागली तेव्हा तिनेच उठून तिला पाणी दिलं.

बायका गेल्यावर तिने भात टाकला. रुखमाबाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुभद्राने तिचं ताट वाढून तिच्याजवळ सरकवलं. ती जेवते की नाही हे न पाहता, स्वतःचं ताट घेऊन ती बंद मागापाशी पाठमोरी बसली.