हात मांडीखाली

माझ्या धंद्यात एक गंमत आहे. काम जितकं चोख, तितक्या लवकर आपण बेकार. मी टॉवर क्रेन चालवतो. इमारतीचा शेवटचा मजला चढला की क्रेनचेच तुकडे करून खाली उतरवतात आणि ऑपरेटरला रामराम ठोकतात. पुढची इमारत कुठे आणि कधी, ते ठेकेदाराचा फोन येईल तेव्हा कळतं. मिसरूड फुटल्यापासून मी हेच करत आलोय आणि, उगाच नम्रपणा कशाला, झकास करत आलोय. या शहरात मान वर करून बघावं असं जे काही आहे, त्यातलं बरंचसं मी उचलून ठेवलेलं आहे.

घरी मात्र माझं काही चालत नाही. घरी फौजदार आहे. माझी लेक, वय वर्षं नऊ. तिची आई गेली तेव्हा ती नीट बोलतही नव्हती. तेव्हापासून आम्ही दोघंच. वेण्या मी घालतो, हुकूम ती सोडते.

हुकाला लटकलेला माल कधी सरळ वागत नाही. तुम्ही थांबलात तरी तो पुढे जातो, मग मागे येतो, हेलकावे खात बसतो. अशा वेळी माल पुढे झुकला की हूक जिला लटकतो ती वरची ट्रॉलीही नेमकी त्याच्या डोक्यावर न्यायची. मग हेलकावा जागच्या जागी मरतो. हे सांगून येत नाही, हातात मुरावं लागतं. आमचा खालचा सिग्नलवाला दिवसभर वॉकीटॉकीवर बडबडतो म्हणून त्याला सगळे पोपट म्हणतात. तो नवीन माणसांना सांगायचा, "हुकाला पाण्याचा ग्लास लावा, राजे थेंब सांडणार नाहीत." राजे म्हणजे मी.

मागच्या वर्षी शाळेतून फोन आला. फौजदार जिन्यावरून पडली होती, हात मोडला होता. माझ्या हुकाला तेव्हा अख्खी तयार भिंत लटकत होती आणि खाली माणसं काम करत होती. माल टेकवल्याशिवाय ऑपरेटरला खुर्ची सोडता येत नाही. त्यानंतर शिडी उतरायची ती वेगळीच. मी दवाखान्यात पोचलो तोवर प्लॅस्टर घालून झालं होतं. शेजारी शाळेतल्या बाई बसल्या होत्या. मला बघून फौजदार म्हणाली, "माल नीट ठेवलास ना?"

पोरीचा अभिमान वाटला. पण हात मोडलेल्या लेकराने बापाच्या मालाची चौकशी करायची नसते.

"अरे, आता तरी एका जागी बूड टेक," ताई म्हणाली. ताई माझ्याहून मोठी, आणि पाहिजे तेव्हा आईच्याही वरताण. बंदराच्या यार्डात क्रेनवर कायमची जागा निघाल्याचं तिनेच शोधून काढलं होतं.

मी लगेच हो म्हटलं नाही. हंगामी कामाची बाजू काही लंगडी नव्हती. पैसा बरा सुटायचा. दोन इमारतींच्या मधल्या रिकाम्या दिवसांत मी तिला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं. नोकरदार बापांना रविवारीही एवढं जमत नाही. पण पुढची इमारत परगावी निघाली की पोरीची शाळा बदलायची. ही तिसरी शाळा, आणि इथे तिला पहिल्यांदा जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती. यार्डात पगार कमी, पण आजारपणाची रजा, दवाखान्याचा खर्च, आणि पुढच्या महिन्यात काय या प्रश्नाला सुट्टी.

एकच गोष्ट घशाखाली उतरेना. यार्डातली क्रेन उंच केबिनमधून चालवायची नव्हती. जमिनीवरच्या एका खोलीत बसून, कॅमेऱ्याचे पडदे बघत चालवायची होती.

"म्हणजे पोरांचा खेळ," मी म्हणालो.

"मग पोरीला ने सोबत," ताई म्हणाली.

चाचणीच्या दिवशी शाळेला खरंच सुट्टी होती, म्हणून न्यावंच लागलं. गार, शांत खोली. ओळीने खुर्च्या, प्रत्येकीसमोर पडदे आणि दोन दांड्या. चाचणी घेणारी इंजिनिअर तरुण होती. मला काका म्हणाली, तिथेच माझं डोकं फिरलं.

पहिला कंटेनर उचलला, नेला, थांबवला. तो पुढे झुकला आणि माझा हात आपोआप दांडीवर गेला. पडद्यावर कंटेनर असा उसळला की लाज वाटली.

"काका, हात काढा. हेलकावा क्रेन स्वतःच थांबवते."

"कळलं," मी म्हणालो. पण ते डोक्याला कळलं होतं, हाताला नाही. दुसऱ्या वेळीही तेच. क्रेन त्याला सावरायला जायची, वरून मी सावरायचो, आणि आम्हा दोघांच्या ओढाताणीत तो बिचारा झिंगल्यासारखा डुलायचा. तिसरी खेप शेवटची होती. मला संताप आला. ज्या हातावर जन्मभर मिजास केली, त्यालाच आता गप्प बसायचं होतं.

मागून आवाज आला, "बाबा, हात मांडीखाली घे. वर्गात कोणी चुळबुळ केली की आमच्या बाई तेच सांगतात."

चाळिशीचा बाप्या मी. घेतले मांडीखाली. कंटेनर झुकला, माझी बोटं खाली वळवळली, मी दात आवळून बसलो. कंटेनर एकदा मागे आला आणि स्थिर झाला.

इंजिनिअर हसली नाही. "कच्चे ऑपरेटर इथे पहिल्या खेपेलाच पास होतात," ती म्हणाली. "अडकतात ते तुमच्यासारखे पक्के. सोमवारपासून या." हे ऐकल्यावर तिचं काका म्हणणं मी माफ करून टाकलं.

फाटकाबाहेर पडतोय तोच ठेकेदाराचा फोन. "राजे, परगावी टॉवर मिळालाय. एवढा उंच आपण कधी केला नाही. तुमच्याशिवाय त्या केबिनमध्ये कोणाला बसवणार नाही."

मी फौजदाराकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. "मला चौथी शाळा चालेल," ती म्हणाली, आणि उगाचच बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला लागली.

"दुसरा राजा बघा," मी ठेकेदाराला म्हणालो. सांगतो ना, जिवावर आलं. त्या टॉवरवर माझाच हक्क होता.

यार्डात दुसरा आठवडा चालू होता तेव्हा शाळेतून फोन आला. मुलीच्या पोटात फार दुखतंय. मी हात वर केला, शेजारच्या माणसाने माझी खुर्ची घेतली आणि मी निघालो. ना शिडी, ना लटकलेली भिंत. मधली सुट्टी संपायच्या आत मी शाळेत होतो. फौजदार पायरीवर मैत्रिणीशेजारी बसून डबा फस्त करत होती.

"पोट?" मी धापा टाकत विचारलं.

"दुखतच नव्हतं," ती म्हणाली.

मी रागावणार होतो. बापाने रागवायलाच हवं होतं. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. डब्याचं झाकण लावून ती मैत्रिणीकडे वळली होती.

"बघ," ती म्हणाली. "हा माझा बाबा. बोलावलं की येतो."