आयसीयूबाहेरची सतरंजी

मावशींच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी मी मागावरून उतरले. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, घट्ट विणीची. लग्नात माझ्यावर व्याही बसले, पोरांनी सरबत सांडलं, आणि "ऐसपैस आहे हो!" म्हणून सगळ्यांनी मला वाखाणलं. मित्रांनो, त्यानंतर मात्र मी माळ्यावर पडले. एका कडेला उसवले.

मावशी म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आया. आयसीयूबाहेर नातेवाईक गार फरशीवर बसतात, हे त्यांना बघवेना. त्यांनी मला तिथे नेऊन भिंतीलगत अंथरलं. म्हातारपणी मला पुन्हा काम मिळालं.

ज्या आठवड्याचं सांगतेय, त्या आठवड्यात माझ्यावर दोघे असत. एक आजी, त्यांचा बसड्रायव्हर मुलगा आत होता. दुसरे शिंपीदादा, त्यांची एकुलती एक मुलगी आत होती. बसल्या बसल्या शिंपीदादांनी खिशातली सुई काढून माझी उसवलेली कड शिवून टाकली.

"हात रिकामा राहिला की डोकं खातं हो, आजी," ते म्हणाले.

आजी सकाळी जपमाळ घेऊन मोठ्यानं देवाचं नाव घ्यायच्या. येणारेजाणारे वळसा घालून जात. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी तर चपला काढून हात जोडले. "आमच्यासाठीही दोन शब्द टाका हो, आजी."

शिंपीदादांचा देव वेगळा. ते न बोलता उभे राहायचे, वाकायचे, कपाळ माझ्यावर टेकायचे. सगळं मिळून दहा मिनिटं. बुधवारी ते असेच टेकलेले असताना त्याच चष्मेवाल्यांनी मोबाईल काढला आणि चित्रण सुरू केलं.

"दवाखाना आहे की काय आहे हा? खुशाल रस्ता अडवून बसलाय!"

वॉचमन आला. आजी कडाडल्या, "माझं चाललं होतं तेव्हा रस्ता मोकळा होता वाटतं?"

"आजी, तुमचं वेगळं," वॉचमन म्हणाला.

"काय वेगळं? पोर याचंही आतच आहे ना?"

मित्रांनो, मी तीच होते, जागा तीच होती, माझी रुंदीही तीच. मी तसूभरही सरकले नव्हते! वॉचमननं मला शिंपीदादांच्या गुडघ्यांखालून ओढलं, त्यांचा आत जायचा पास काढून घेतला आणि त्यांना फाटकाबाहेर नेऊन उभं केलं. आयसीयूबाहेर तेव्हा पंधरा-वीस माणसं होती. सगळी भिंतीकडे बघत राहिली. मला त्या मोबाईलवाल्यापेक्षा त्यांचाच राग जास्त येतो.

थोड्या वेळानं नर्स दारात आली. "मुलीचे वडील कुठायत? ती बाबा, बाबा करतेय. लवकर बोलवा!"

मावशी हातातली बादली टाकून फाटकाकडे धावल्या. वॉचमन म्हणाला, "पासशिवाय आत सोडता येत नाही, मावशी."

पास त्याच्याच खिशात होता.

आता मी मावशींच्या घरी आहे. माझे पट्टे विटले, पण ती शिवलेली कड अजून धड आहे. मित्रांनो, मला उन्हात टाका, झटका, हवं तर पायपुसणं करा. पण कुणी कुठे डोकं टेकलेलं दिसलं, तर कोणत्या देवापुढे टेकलंय हे विचारू नका. आत कोण आहे, ते विचारा.

शिंपीदादांची मुलगी त्याच बुधवारी, दुपारी सव्वादोन वाजता वारली. तिचे वडील तेव्हा फाटकाबाहेर उभे होते.