पार्वतम्माच्या हातावरचा अंगारा

"मारा! टाळकं फोडा करणीवालीचं!"

उदगीरजवळच्या माळावर शे-दीडशे माणसं ओरडत होती. महिनाभर मेंढरं हाडं चघळत होती, लोकर खात होती, लंगडून मरत होती. ही करणीच, असं सांगत शिवलिंगबाबा नावाच्या मांत्रिकानं करणी करणारा हुडकायची तोड काढली होती. प्रत्येकाच्या तळहातावर अंगारा ठेवून तो गरजे, "ओम फट्! निष्पाप हातच मेंढरू चाटंल! पापी हाताला शिवलं तर ब्रह्मांड उलटंल!" मेंढरं हातांवर तुटून पडत. फक्त विधवा पार्वतम्माचा हात हुंगून ती मागं सरली. कालच तिनं बाबाला तोंडावर ढोंगी म्हटलं होतं.

पहिली काठी चंद्रप्पानं घातली. तिचा सख्खा दीर. त्याची अकरा मेंढरं मेली होती. वैनीनं डोक्यावर धरलेला हात कटकन मोडला. ती पडली तशा लाथा बसू लागल्या.

"थांबा!" मेलेलं मेंढरू तपासायला आलेली जनावरांची डॉक्टर धम्मप्रिया धावली अन् पार्वतम्मावर आडवी झाली. एक दगड तिचं कपाळ फोडून गेला. रक्त पुसत ती चंद्रप्पाला म्हणाली, "हिची बारी आली तवा बाबानं दुसऱ्या थैलीत हात घातला. मी पाहिलं. झोळी उघडून बघा."

"शिवशील तर भस्म होशील!" बाबा किंचाळला.

चंद्रप्पानं झोळी हिसकली. लाल थैलीतला अंगारा वैनीच्या धड तळहातावर ठेवला, काळ्या थैलीतला बाबाच्या. मेंढरं वैनीचा हात चाटू लागली. बाबाच्या हातापाशी शिंकून माघारी पळाली.

"लाल थैलीत मीठ अन् खनिजांची भुकटी हाय," धम्मप्रिया दोन्ही थैल्या हुंगून म्हणाली. "काळीत तंबाखू मिसळलेली राख. ह्या माळाच्या गवतात फॉस्फरस लई कमी. म्हणून मेंढरं हाडं चघळतात, लंगडतात. करणी न्हाई, उपासमार हाय ती. खनिज मिश्रण दुकानात मिळतं."

काठ्या आता बाबाकडं वळल्या. धम्मप्रिया पुन्हा मध्ये पडली.

"त्यालाबी मारू नका! पोलीस बोलवा. खरंखोटं काठीनं ठरत न्हाई, तपासून ठरतं. मघाशी एवढं तपासलं असतं, तर ह्या बाईचा हात शाबूत राहिला असता."

पोलीस आले. जमादारानं विचारलं, "बाईचा हात कुणी मोडला?"

एकेकानं काठी पाठीमागं लपवली. पार्वतम्मानं मोडका हात पदराआड घेतला.

चंद्रप्पा पुढं आला. काठी जमादाराच्या पायाशी टाकली.

"म्या मोडला, साहेब. बाबानं न्हाई. म्या."